फुंकर मारून लिव्हर कसं तपासतात? फॅटी लिव्हर आणि ब्रेथ टेस्टची गोष्ट

"फुंकून लिव्हर कसं कळणार गं?" दादाने फोनवर हे विचारलं तेव्हा माझ्याकडेही धड उत्तर नव्हतं. त्याला फॅटी लिव्हर आहे हे चार वर्षांपासून माहीत होतं, सोबत डायबेटिस पण आहे, आणि यावेळी लिव्हरच्या डॉक्टरांनी नेहमीच्या रक्ततपासण्या आणि स्कॅन यांच्या जोडीला ब्रेथ टेस्ट करून घ्या म्हणून सांगितलं. आता ब्रेथ टेस्ट म्हटलं की आपल्याला दोनच आठवतात, एक गाडी अडवून दारूची करतात ती आणि दुसरी पोटातल्या जंतूसाठी करतात ती. लिव्हर बिचारं उजव्या बरगड्यांच्या आत, त्याचा श्वासाशी काय संबंध? मग मी बसून वाचलं, त्याच्यासोबत टेस्टला गेले, तिथल्या टेक्निशियन ताईंना प्रश्न विचारून विचारून भंडावलं (त्यांनी न कंटाळता सगळं सांगितलं), आणि आता जे समजलंय ते सांगते.

आधी फॅटी लिव्हरबद्दल दोन शब्द, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. लिव्हरच्या पेशींपैकी ५ टक्क्यांपेक्षा जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. जगभरात मोठ्या माणसांपैकी साधारण चारात किंवा तिनात एकाला हे असतं, म्हणजे हा दुर्मिळ आजार अजिबात नाही. आधी याला 'नॉन अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' म्हणायचे, २०२३ मध्ये नाव बदलून मॅसल्ड केलं, म्हणजे वजन, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल असल्या चयापचयाच्या गडबडीशी जोडलेला आजार. बदललं ते बरंच झालं, जुन्या नावात आजार कशाने होत नाही एवढंच कळायचं, कशाने होतो ते कळायचंच नाही.

आता नुसती चरबी असणारे बहुतेक लोक तिथेच थांबतात. काहींच्या लिव्हरला मात्र सूज येते, सूज राहिली की आत व्रणासारखे धागे तयार होतात, त्याला फायब्रोसिस म्हणतात आणि एफ० ते एफ४ अशा पायऱ्या मोजतात, एफ४ म्हणजे सिरॉसिस. आणि सिरॉसिसनंतर खरी गुंतागुंत सुरू होते, लिव्हरकडे येणाऱ्या शिरेतला दाब वाढणं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून रक्तस्राव होणं, पोटात पाणी भरणं, मेंदूवर परिणाम होऊन माणूस गोंधळल्यासारखा वागणं, कॅन्सर. म्हणजे 'चरबी आहे का' हा प्रश्न खरं तर सगळ्यात सोपा, सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसून जातं. अवघड प्रश्न वेगळाच, हे प्रकरण कुठवर आलंय आणि लिव्हर अजून किती काम करतंय?

आणि लिव्हर स्वतःहून सांगत नाही, हीच मोठी पंचाईत. लिव्हरच्या आतल्या भागाला दुखणं कळवणाऱ्या नसा नाहीत, त्यामुळे ते आतून दुखतच नाही. शिवाय त्याच्याकडे शिल्लक ताकद एवढी असते की बराच भाग खराब झाला तरी उरलेला भाग ओढत राहतो. एसजीपीटी, एसजीओटी हे जे आकडे आपण रिपोर्टमध्ये बघतो ते लिव्हर किती काम करतंय ते सांगतच नाहीत, पेशी फुटून आतलं एन्झाइम रक्तात किती सांडलंय एवढंच सांगतात, आणि सिरॉसिस झालेल्या माणसाचे सुद्धा ते आकडे नॉर्मल येऊ शकतात. दादा चार वर्षं "एसजीपीटी नॉर्मल आहे" म्हणून निर्धास्त होता, त्याचं मला आता फार वाईट वाटतं, कोणीतरी हे एवढंसं आधी समजावून सांगायला हवं होतं.

मग बायोप्सी? सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढतात, तो साधारण अख्ख्या लिव्हरच्या ५०,०००व्या भागाएवढा असतो, आणि आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे सुई कुठे गेली त्यावर पण उत्तर बदलू शकतं. शिवाय दुखतं, क्वचित रक्तस्राव होतो, दर सहा महिन्यांनी कोण करून घेणार. फायब्रोस्कॅन नावाचं मशीन आलं त्याने खूप सोपं केलं, बरगडीवर टकटक करून लिव्हर किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये सांगतं.

पण कडकपणा आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. समजा दूर एक घर आहे. भिंतींना तडे किती, छप्पर कसं आहे हे दुर्बिणीतून बघता येतं, ते झालं स्कॅन. पण आत कोणी राहतंय का, चूल पेटतेय का? ते कळायला धुराड्यातून धूर निघतोय का ते बघायचं. ब्रेथ टेस्ट म्हणजे तो धूर बघणं. आणि ही नुसती उपमा नाही हां, खरंच तसं आहे, कारण लिव्हरने एखादी गोष्ट जाळली की तिचा कार्बन डायऑक्साइड होतो, रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासातून बाहेर पडतो.

फक्त अडचण अशी की कार्बन डायऑक्साइड अख्खं शरीर तयार करतं, स्नायू, मेंदू, हृदय सगळेच. त्यातला लिव्हरचा कुठला हे ओळखायचं कसं? तर त्यावर खूण करायची. कार्बनच्या अणूत साधारणपणे ६ प्रोटॉन आणि ६ न्यूट्रॉन असतात, म्हणून कार्बन-१२. पण निसर्गातल्या सगळ्या कार्बनपैकी साधारण १.१ टक्के कार्बन एक न्यूट्रॉन जास्त असलेला, थोडा जड असतो, तो कार्बन-१३. हा किरणोत्सर्गी नाही, आपल्या अंगात आत्ता पण आहे, काही अपाय करत नाही. मग एक असं औषध घ्यायचं जे फक्त लिव्हरच फोडू शकतं, त्यात एका ठरावीक जागी मुद्दाम कार्बन-१३ बसवायचा, ते प्यायला द्यायचं आणि श्वासात जड कार्बन डायऑक्साइड किती वाढतोय ते मोजत बसायचं.

लिव्हरसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं असं औषध म्हणजे मेथासेटिन. त्याचा प्रवास मला इतका आवडला की तो जरा सावकाश सांगते. पाण्यात विरघळवून ७५ मिलिग्रॅमच्या आसपास डोस देतात. तो आतड्यातून शोषला जातो आणि पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून थेट लिव्हरमध्ये जातो. लिव्हरच्या पेशींत सीवायपी १ए२ नावाचं एन्झाइम असतं, ते मेथासेटिनचा एक छोटासा तुकडा कापतं, आणि नेमका त्याच तुकड्यात आपला खूण केलेला कार्बन बसलेला असतो. त्या तुकड्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं, मग फॉर्मेट, मग कार्बन डायऑक्साइड. आणि तुकडा कापल्यावर मागे काय उरतं माहितीये? पॅरासिटामॉल! आपलं तापावरचंच, आणि ते पण एका साध्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे त्याची काळजी नको, फक्त पॅरासिटामॉलची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं.

प्रत्यक्ष टेस्ट बघायला अगदी साधी. दादा रात्रभर उपाशी होता, सकाळी गेल्या गेल्या त्याची उंची-वजन घेतलं, एका पिशवीत पहिली फुंकर घेतली (ही आधीची पातळी), मग ते औषधाचं पाणी प्यायला दिलं. त्यानंतर दर थोड्या वेळाने ताई यायच्या, नवीन पिशवी द्यायच्या, त्याने श्वास भरून क्षणभर थांबून फुंकायचं, पिशवीवर वेळ लिहायची, झाकण लावायचं. काही मशीन्समध्ये तर फुंकायचं पण काम नसतं, नाकाशी ऑक्सिजनसारखी बारीक नळी लावतात आणि मशीन स्वतःच श्वास ओढून घेतं. पिशव्या मशीनला जोडल्यावर आत इन्फ्रारेड किरण सोडतात, हलका आणि जड कार्बन डायऑक्साइड ते किरण किंचित वेगवेगळ्या ठिकाणी शोषतात, त्या फरकावरून प्रमाण निघतं. स्क्रीनवर एकेक ठिपका येत गेला, ठिपके जोडून डोंगरासारखी रेघ झाली, आधी चढण मग उतार. लिव्हर चांगलं काम करत असेल तर चढण झपकन येते, पहिल्या अर्ध्या तासातच शिखर दिसतं. लिव्हर दमलेलं असेल तर चढण सावकाश, शिखर बुटकं आणि उशिरा.

मधे दादाला पाय मोकळे करायला कॉरिडॉरमध्ये फेरी मारायची होती तर ताईंनी चक्क अडवलं. मला आधी वाटलं उगाच कडक आहेत, पण कारण ऐकून पटलं. मशीन आपल्याला फक्त जड-हलक्याचं प्रमाण सांगतं, औषधातला किती टक्के कार्बन बाहेर आला हे काढायला माणूस एकूण किती कार्बन डायऑक्साइड सोडतोय ते लागतं, आणि ते सहसा मोजत नाहीत, गृहीत धरतात, शांत बसलेला माणूस शरीराच्या दर चौरस मीटरमागे तासाला ३०० मिलिमोल सोडतो असं. उंची-वजन त्यासाठीच घेतलं होतं. आता तुम्ही फेऱ्या मारल्या की स्नायू जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणार, आपला खूण केलेला कार्बन त्यात पातळ होणार, आणि लिव्हर आहे त्यापेक्षा आळशी दिसणार. म्हणून दीड-दोन तास गप बसायचं.

उपाशी राहण्यामागेही असंच कारण आहे. जेवण झालं की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, औषध उशिरा पोचतं, आणि दुसरं म्हणजे मका आणि ऊस या झाडांत कार्बन-१३ गहू-तांदळापेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे मधेच काही गोड किंवा मक्याचं खाल्लं तर श्वासातली पातळी औषधाशिवायच हलते. चहा-कॉफी पण बंद, कारण कॅफिन सुद्धा त्याच सीवायपी १ए२ एन्झाइमकडून फोडलं जातं, दोघं एकाच रांगेत उभे राहतात. सिगरेटचं उलटं, धुरातल्या घटकांमुळे हे एन्झाइम वाढतं, म्हणजे सिगरेट ओढणाऱ्याचं लिव्हर या टेस्टमध्ये आहे त्यापेक्षा तरतरीत दिसू शकतं. आणि काही औषधं, उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक किंवा फ्लुवॉक्सामिन ही डिप्रेशनची गोळी, या एन्झाइमला अडवतात. म्हणून टेस्टला जाताना चालू औषधांची यादी सोबत न्या आणि सिगरेटबद्दल खरं सांगा, लपवलं तर रिपोर्टच खोटा येणार.

मग फॅटी लिव्हरमध्ये याचा उपयोग नेमका कुठे? सुरुवातीला, नुसती चरबी असताना, मेथासेटिन टेस्ट बहुतेक नॉर्मलच येते, कारण पेशी काम करत असतात. त्यामुळे फॅटी लिव्हर आहे की नाही हे शोधायला ही टेस्ट कोणी करत असेल तर त्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. फायब्रोसिस वाढत जातो तसा आकडा खाली यायला लागतो आणि सिरॉसिसमध्ये चांगलाच पडतो. म्हणजे टेस्टचा जोर शेवटच्या पायऱ्यांवर आहे, जिथे गुंतागुंत सुरू होते तिथेच.

त्यातली एक गुंतागुंत इथे खास समजून घेण्यासारखी आहे, पोर्टल हायपरटेन्शन. लिव्हर कडक झालं की पोर्टल व्हेनमधलं रक्त आत शिरायला अडतं, दाब वाढतो, आणि रक्त आडवाटा शोधतं, अन्ननलिकेच्या, पोटाच्या शिरांमधून लिव्हरला वळसा घालून पुढे जातं. हा दाब नीट मोजायचा तर मानेतल्या शिरेतून बारीक नळी लिव्हरपर्यंत न्यावी लागते. लिव्हरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरेतल्या दाबाचा नॉर्मल फरक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत, १० किंवा जास्त झाला की धोक्याची पातळी, आणि १२ च्या वर फुगलेल्या शिरा फुटायची भीती. आता मेथासेटिन तोंडावाटे घेतलं की ते त्याच पोर्टल व्हेनने जातं, बरोबर? रक्त जर वळसा घालत असेल तर औषधाचा काही भाग पहिल्या फेरीत लिव्हरला भेटतच नाही, आणि डोंगराचं शिखर बुटकं होतं. म्हणजे पेशींची ताकद आणि रक्ताची वाट, दोन्हीचा परिणाम एकाच रेघेत उतरतो. म्हणूनच हा दाब नळी न घालता ओळखता येईल का यासाठी संशोधक या टेस्टकडे बघतायत. पण गोम पण त्यातच आहे, रेघ बुटकी दिसली तर पेशी कमी पडल्या की रक्त वळसा घालतंय हे नुसत्या रेघेवरून वेगळं करता येत नाही.

याच मेथासेटिनचा एक इंजेक्शनचा प्रकार आहे, लायमॅक्स म्हणतात, बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये तयार झाला. शिरेतून दिल्यामुळे आतड्याचा प्रश्नच राहत नाही. लिव्हरमधली गाठ कापून काढायची असेल तर उरलेलं लिव्हर पुरेल का हे ऑपरेशनच्या आधी ठरवायला तो वापरतात. फॅटी लिव्हरमधून कॅन्सरपर्यंत गेलेल्या रुग्णासाठी हा प्रश्न जीवनमरणाचा असतो, कारण किती लिव्हर कापलं यापेक्षा राहिलेलं किती चालतंय हे महत्त्वाचं.

ही कल्पना नवीन नाही बरं का, १९७४ मध्येच अमिनोपायरिन नावाचं औषध देऊन श्वासातून लिव्हरचं काम मोजलं होतं, पण तेव्हा किरणोत्सर्गी कार्बन-१४ वापरला होता. नंतर कार्बन-१३ आल्यावर तीच टेस्ट पुन्हा पुन्हा करणं सोपं झालं. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया असतात, चरबी जाळण्याची भट्टीच म्हणा, त्यांचं काम बघायला ऑक्टानोएट, मेथिओनिन, कीटोआयसोकॅप्रोएट असे वेगळे पदार्थ वापरून बघितलेत. फॅटी लिव्हरमध्ये हीच भट्टी बिघडते, त्यामुळे तर्क पटतो, पण अभ्यासांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत, म्हणून त्यावर अजून विसंबता येत नाही.

आता दुसरी वाट. आत काही न देता नुसत्या श्वासात आधीच काय आहे ते बघायचं. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७१ मध्ये श्वासात साधारण २५० वेगवेगळे पदार्थ असल्याचं दाखवलं होतं. आणि लिव्हर फार बिघडलेल्या माणसाच्या श्वासाला एक गोडसर, कुबट वास येतो हे तर डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे, त्यातला मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइड या गंधकाच्या पदार्थाचा. लिव्हरने रक्तातून काढून टाकायला हवं होतं ते फुप्फुसातून उडून जातंय. लिमोनीनचं उदाहरण तर मला फारच बोलकं वाटलं. लिमोनीन म्हणजे संत्र्या-लिंबाच्या सालीचा वास, खाण्यातून आपल्या अंगात येतं, निरोगी लिव्हर ते फोडून टाकतं. सिरॉसिसमध्ये फोडणं जमत नाही, मग ते चरबीत साठतं आणि श्वासात वाढलेलं सापडतं, आणि लिव्हर ट्रान्सप्लांट झाल्यावर कमी होतं. म्हणजे श्वासातलं लिमोनीन खरंच लिव्हरमुळेच वाढलं होतं, याचा यापेक्षा सरळ पुरावा काय हवा.

अडचणी आहेतच. खोलीतल्या हवेतले वास, काल काय खाल्लं, तोंडातले जंतू, सगळं मिसळतं. मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णात अमोनिया वाढतो म्हणून श्वासातला अमोनिया मोजावा असं वाटतं, पण अमोनिया तोंडातले जंतू पण बनवतात, त्यामुळे आकडा फसवतो.

तिसरी एक टेस्ट आतड्यासाठी असते, हायड्रोजनची. माणसाच्या पेशी हायड्रोजन वायू बनवत नाहीत, तो फक्त आतड्यातले जंतू बनवतात. ग्लुकोज किंवा लॅक्ट्युलोज प्यायला देऊन दर १५-२० मिनिटांनी श्वास घेतात, ९० मिनिटांत हायड्रोजन २० पीपीएमने (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २० भागांनी) वाढला तर लहान आतड्यात नको तितके जंतू आहेत असं धरतात. सिरॉसिसमध्ये हे बऱ्याच जणांत सापडतं, आणि जंतू किंवा त्यांची विषं आतड्याची भिंत ओलांडून गेली की पोटातल्या पाण्याला इन्फेक्शन होणं, मेंदू गोंधळणं असे प्रकार वाढतात. (लॅक्ट्युलोज हे मेंदूच्या त्रासावर औषध म्हणून पण देतात, ते चालू असेल तर टेस्टच्या आधी सांगायलाच हवं.)

तर मग सगळ्यांनी ब्रेथ टेस्ट करून घ्यायची का? नाही. आजही सुरुवात होते ती फिब-४ ने, वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून निघणारा आकडा. १.३ च्या खाली असेल तर पुढच्या पायऱ्यांचा धोका कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त, ६५ वर्षांच्या पुढे खालची रेघ २ धरतात. मधे किंवा वर आला तर फायब्रोस्कॅन, ८ किलोपास्कलच्या खाली आलं की बहुतेकांना दिलासा. ब्रेथ टेस्ट या रांगेत अजून नाही, ती त्यानंतरची, ज्यांचं लिव्हर कडक झालंय हे कळलंय आणि आता काम किती उरलंय हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी, आणि ती सुद्धा सगळीकडे होत नाही. पायरी नीट कळणं आता आधीपेक्षा महत्त्वाचं झालंय, कारण मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरोम हे या आजाराचं पहिलं औषध मंजूर झालं ते एफ२-एफ३ साठी, सिरॉसिससाठी नाही. आणि औषध असो नसो, वजन ५ टक्के कमी झालं तर लिव्हरमधली चरबी उतरते, ७ ते १० टक्क्यांनी सूज उतरायची शक्यता वाढते, आणि १० च्या पुढे फायब्रोसिस सुद्धा मागे फिरू शकतो.

दादाचं काय झालं? स्कॅनमध्ये लिव्हर अपेक्षेपेक्षा कडक निघालं, आम्ही दोघंही घाबरलो. पण श्वासाची रेघ चांगली चढली, शिखर वेळेत आलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून सांगितलं, भिंती खराब व्हायला लागल्यात पण आतलं काम अजून चालू आहे, म्हणजे आपल्या हातात वेळ आहे. पुढची टेस्ट सहा महिन्यांनी, त्याच मशीनवर, तोच डोस, तशीच उपाशीपोटी, कारण वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. दादाने कॅलेंडरवर ती तारीख मांडलीय, आणि तिच्या आदल्या दिवसावर लाल पेनाने लिहून ठेवलंय, 'आज चहा नाही'.